कोणाची नोंद ठेवायची

बुऱ्हाणपुरात राहून मी दुकानदारांना, अडत्यांना आणि लूमवाल्यांना प्रोग्राम लिहून देते. हे सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग पुण्याला का नाही गेलात?" नाही गेले. इंदूरला गेले होते, काही वर्षं नोकरी केली, तिथल्या साहेबाशी पटलं नाही, परत आले. त्यात त्यागबिग काही नाही. माझं तोंड जरा फटकळ आहे आणि इथल्या लोकांना त्याची सवय आहे, एवढंच.

गिऱ्हाईक फोनवर कधीच धड सांगत नाही की झालं काय. "मॅडम, हँग होऊन राहिलं," एवढंच सांगतं. प्रिंटरमधला कागद संपला तरी हँग, लाइट गेली तरी हँग, पासवर्ड विसरला तरी हँग. मी चिडते, दोन शब्द सुनावते आणि मग स्कूटी काढते, कारण फोनवर डोकेफोड करण्यापेक्षा जाऊन बघणं स्वस्तात पडतं.

सांगायचं आहे ते एका केळीच्या अडतीबद्दल. कोटाच्या आतल्या एका गल्लीत खाली ऑफिस, वर घर. ऑफिसात तीन कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले आणि त्यांच्यावर घरातलीच तीन माणसं. दाराजवळच्या मोठ्या टेबलावर शेठजी. गाव त्यांना शेठजी म्हणायचं, घरात ते बाबूजी. मधल्या टेबलावर त्यांचा मुलगा, जो निम्मा दिवस बागांमधून घड बघत फिरायचा. आणि आतल्या बाजूला, फोनपाशी, सून. तिचं माहेर जवळच्या फोपनार गावचं, वडील केळी लावणारे. एम.कॉम. इथल्याच कॉलेजातून केलेलं. लग्नानंतर काही काळ ती वरच होती, मग फोनला नीट माणूस मिळेना म्हणून तिला खाली बोलावलं, आणि ती खालचीच झाली. शेतकऱ्यांचे फोन घ्यायचे, कोणाची बाग कुठवर आली ते विचारायचं, नोंदवायचं. "खाली आले की मी सून नसते, मॅडम असते," असं ती मला एकदा हसत म्हणाली होती. ती खुर्ची तिला फार प्यारी होती.

केळी पोत्यात भरून बाजारात आणता येत नाहीत. शेतकरी अडतीकडे आपली बाग नोंदवतो, अडत्या व्यापारी बघतो, कटाईची तारीख ठरवतो, आणि त्या दिवशी गाडी आणि घड कापणाऱ्या मजुरांची टोळी बागेत जाते. माल तिथूनच दिल्लीकडे रवाना. घड हिरवा असतानाच कापायचा. झाडावर त्यानं पिवळा रंग धरला की लांबचा व्यापारी त्याला हात लावत नाही. ऊन चढलं की हा खेळ एखाद्या दिवसाचाही होतो. म्हणून तारीख सारखी पुढेमागे करावी लागते, आणि ती करणारे तिघं.

इथंच घोडं पेंड खातं. दोन माणसांनी एकच नोंद एकाच वेळी उघडली आणि दोघांनी आपापला बदल केला, तर जो नंतर सेव्ह करतो त्याचं राहतं. आधीच्याचं पुसलं जातं आणि त्याला पत्ताही लागत नाही. माझ्या पहिल्या प्रोग्राममध्ये यावर काही बंदोबस्त नव्हता. तीन तर माणसं, एका खोलीत बसणारी, एकमेकांना सांगतील, असा माझा हिशोब. एका घरातली माणसं एकमेकांशी किती कमी बोलतात ते मला कुठं माहीत होतं? एकदा एकाच बागेच्या बांधावर दोन गाड्या समोरासमोर येऊन उभ्या राहिल्या. मुलानं एक गाडी लिहून ड्रायव्हरला फोनही करून टाकला होता, आणि शेठजींनी त्यावर दुसरी लिहिली होती. दोन्ही टोळ्या सावलीत बसून एकमेकींचा उद्धार करत होत्या.

मग मी कुलूप बसवलं. एकानं नोंद उघडली की ती त्याच्यापुरती. तो बाहेर पडेपर्यंत दुसऱ्यानं नुसती वाचायची, हात लावायचा नाही. पुस्तकांतून हाच उपाय आधी दिलेला असतो. पुस्तक लिहिणाऱ्यानं आमच्या बसस्टँडवर कधी गाडी पकडलेली नसते. खंडव्याची बस लागली की लोक आधी खिडकीतून रुमाल टाकतात आणि मग निवांत चहा प्यायला जातात. सीट त्यांची झाली. शेठजींनी नोंदींवर तसेच रुमाल टाकायला सुरुवात केली. सकाळी यायचे, त्या दिवशीच्या सगळ्या नोंदी एकामागून एक उघडायचे आणि तापीच्या राजघाटाकडे फिरायला निघून जायचे. येताना कोणी भेटलं की गप्पा. इकडे ऑफिस ठप्प. सून फोन कानाला लावून म्हणतेय, "काका, जरा दम धरा, नोंद उघडी आहे," आणि पलीकडचे काका म्हणताहेत, "अगं पोरी, उघडी आहे तर लिही ना!"

मी शेठजींना सांगितलं, "काम झालं की नोंदीतून बाहेर पडत जा."

"बाहेर पडलो तर दुसरं कोणी हात घालेल की," ते म्हणाले.

कुलपाचा अर्थ त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळला होता. मी मग वेळ लावली. काही वेळ कीबोर्डाला हात लागला नाही की कुलूप आपोआप सुटायचं. त्यावर शेठजी फिरायला जाताना मुलाला सांगून जायला लागले की मधूनमधून माझ्या कीबोर्डावरचं एखादं बटण दाबत जा. मुलगा आज्ञाधारक. आपलं काम सोडून उठायचा, बटण दाबून यायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि कुलूप काढून टाकलं.

तिसरा उपाय असा की कोणालाच अडवायचं नाही. नोंद कोणीही उघडावी. फक्त सेव्ह करताना प्रोग्राम बघतो की तुम्ही ती उघडल्यानंतर मधल्या वेळात दुसऱ्या कोणी बदलली का. बदलली असेल तर थांबतो आणि विचारतो. तारीख, गाडी आणि टोळी एकमेकांत गुंतलेल्या, त्यामुळे अर्धं याचं आणि अर्धं त्याचं असं जोडता येत नव्हतं. कोणातरी एकाचंच ठेवावं लागायचं. मी स्वच्छ मराठीत वाक्य लिहिलं: "ही नोंद तुमच्याआधी बाबूजींनी बदलली आहे. त्यांची ठेवायची की तुमची?" खाली दोन बटणं. बाबूजी हे नाव मुलानंच भरलं होतं. बदलणारा कोण ते मुद्दाम दाखवलं होतं, कारण समोर कोण आहे ते माणसाला कळलेलं बरं असतं.

फोन यायचे थांबले. फोन येत नाही म्हणजे काम चाललंय, असं आमच्या धंद्यात धरून चालतात. मीही धरलं आणि लूमवाल्यांच्या सुताच्या स्टॉकमध्ये डोकं घातलं.

पुढच्या उन्हाळ्यात मुलाचा फोन आला. आवाज हळू, म्हणजे ऑफिसच्या बाहेर येऊन बोलत असणार.

"मॅडम, एकदा येऊन जा ना. आणि एक रिक्वेस्ट आहे. चूक मशीनची आहे असं बाबूजींना सांगून टाका."

"आहे का पण मशीनची?"

"ते तुम्ही बघा. पण सांगा तसंच."

माझं डोकंच फिरलं. माझ्या प्रोग्रामवर खापर फोडायचं आणि तेही मीच. पण झालं काय ते विचारल्यावर तो एकेक सांगायला लागला. त्याच्या सासऱ्यांची फोपनारची बाग यांच्याच अडतीला नोंदवलेली होती. ऊन एकदम वाढलं आणि घड लवकर तयार झाले. गाडी आधीच्या तारखेनंच गेली. तोवर खालच्या फण्या पिवळ्या पडायला लागल्या होत्या. व्यापाऱ्याच्या माणसानं बागेत दोन फेऱ्या मारल्या, मान हलवली आणि गाडी रिकामी वळवली. माल हातगाडीवाल्यांना गेला, उरला तो गुरांपुढे. सासऱ्यांनी कोणाला बोल लावला नाही. ऊन होतं, चालायचंच, म्हणाले. पण व्यापाऱ्यानं ते शेठजींना बाजारात चारचौघांत ऐकवलं. शेठजी घरी आले ते तापूनच. स्वतःच्या बापाची तारीख हिला लिहिता येत नाही तर लोकांच्या काय लिहिणार, उद्यापासून हिनं वर बसावं, फोनला मी बाहेरचा माणूस ठेवतो.

"ती काय म्हणते?" मी विचारलं.

"काहीच नाही. म्हणते, माझीच चूक."

म्हणजे एकंदरीत माझ्या एका वाक्यावर तिची खुर्ची होती. मशीनचं चुकलं म्हटलं तर राहील, हिचं चुकलं म्हटलं तर जाईल. असल्या पंचायतीत पडायची मला हौस नाही. तरी गेले.

शेठजी टेबलावर होते. "बघा मॅडम, काय ते एकदा बघून सांगा," म्हणाले आणि पुन्हा आपल्या स्क्रीनकडे वळले. मी आत जाऊन सुनेच्या शेजारी स्टूल ओढून बसले. तिला म्हटलं, "तू रोजच्यासारखं काम कर. मी आहे हे विसर."

काम ती झरझर करायची. फोन उचलणं, बोलता बोलता नोंद उघडणं, विचारायचं तेवढंच विचारणं. तिच्यात मला बोट ठेवायला जागा सापडेना. मग एका शेतकऱ्याचा फोन आला. बाग पुढं गेलीय, उद्याच गाडी पाहिजे. तिनं नोंद उघडलेलीच होती. तारीख बदलली, सेव्ह केलं. माझंच वाक्य समोर आलं: ही नोंद तुमच्याआधी बाबूजींनी बदलली आहे. तिनं क्षणभरही न थांबता "त्यांची" दाबलं. शेतकऱ्याला आत्ताच सांगितलेली उद्याची तारीख गेली, जुनी परत आली. तिनं वहीच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं काहीतरी खूण केली आणि पुढचा फोन घेतला.

"थांब," मी म्हटलं. "हे काय केलंस?"

"काय केलं?"

"तुझी तारीख टाकून का दिलीस? शेतकरी उद्याची वाट बघणार ना?"

"बाबूजी जेवायला उठले की सांगते मी त्यांना. त्यांच्या मूडवर असतं. बहुतेक वेळा ऐकतात."

"आणि इथं बटण आहे त्याचं काय?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फारच येड्यासारखं बोलतेय. "त्यात सरळ लिहिलेलं असतं ना मॅडम, बाबूजींची ठेवायची की तुमची. आता बाबूजींच्या लिहिण्यावर मी माझं कसं ठेवू?"

स्वच्छ मराठीत ते मीच लिहिलं होतं. 

तिथून पुढचं सगळं मला बसल्या बसल्या दिसलं. शेठजींना दिवसभर नोंदींना हात लावायची खोड. गाडीचा नंबर बदल, टोळी बदल, परत तीच कर, प्रत्येक वेळी सेव्ह. त्यामुळे तिनं काहीही बदललं की तिच्यापुढे तो प्रश्न यायचाच. तो आला की ती माघार घ्यायची. मुलगाही घ्यायचा, नंतर विचारलं तर त्यानं कबूल केलं. आणि हे दोघं माघार घेत होते म्हणून शेठजींच्या नोंदींवर कोणाचा बदल कधी चढलाच नाही. शेठजींना तो प्रश्न एकदाही दिसला नव्हता. असा काही प्रश्न मशीन विचारतं, हेच त्यांना माहीत नव्हतं.

"आप्पांचा फोन तुलाच आला होता?" मी विचारलं. वडिलांना ती आप्पा म्हणायची.

"हो. ऑफिसच्याच फोनवर केला त्यांनी. मोबाइलवर नाही. बाग तयार आहे, तारीख अलीकडे घ्या, असं 'घ्या' म्हणाले मला." ती स्क्रीनकडे बघत बोलत होती. "मी तारीख टाकली. मेसेज आला. मी त्यांची ठेवली."

"आणि जेवायच्या वेळी सांगितलं नाहीस?"

"दुसऱ्या कोणाची असती तर सांगितलं असतं. माहेरचं काम मॅडम. म्हटले असते, बापाची बाग आली की हिला बरं सुचतं."

मला तिचा राग आला. बापाचा माल गुरांपुढे गेला आणि ही अजून म्हणतेय, कोणी काय म्हटलं असतं. आणि त्याच दमात हेही कळत होतं की तिच्या जागी मी असते तर फटकळ तोंड घेऊन मी इंदूर सोडलं तशी निघून गेले असते. तिला तसं निघता येणार नव्हतं. तिला तिथंच राहायचं होतं, जिन्याच्या खालच्या बाजूला. मला तिचं फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माझा आवाज चढतो.

मी उठून शेठजींच्या टेबलासमोर जाऊन बसले. मुलगा मधल्या टेबलावरून माझ्याकडे डोळ्यांनी विनवण्या करत होता.

"शेठजी, मशीनची चूक नाही," मी म्हटलं. मुलानं मान खाली घातली. "आणि तुमच्या सुनेचीही नाही. तिनं तारीख वेळेत लिहिली होती. मशीननं तिला विचारलं की बाबूजींचं ठेवायचं की तुझं. ती म्हणाली, बाबूजींचं. सून दुसरं काय म्हणणार? तुम्हाला दुसरं उत्तर चाललं असतं?"

शेठजींनी आधी माझ्याकडे, मग आत, मग परत माझ्याकडे पाहिलं. "मला कोणी विचारलं नाही."

"तुम्हाला विचारायची वेळच येत नाही. सगळे आधीच हो म्हणून बसतात."

"तोंड आहे ना प्रत्येकाला. बोलायचं की. आणि व्याही? व्याह्यांनी मला एक फोन केला असता तर मी उभ्या उभ्या गाडी पाठवली असती. परके आहेत का ते?"

 सून फोनवर होती, पण पलीकडे कोणी बोलत नसावं, कारण ती नुसतीच रिसीव्हर धरून उभी होती.

"मग आता काय?" शेठजींनी शेवटी विचारलं.

"मी विचारायची पद्धत बदलते. तोवर खुर्ची हलवू नका. बाहेरचा माणूस आणलात तर तोही तुमचंच ठेवेल. तो तर पगारी."

हे त्यांना पटलं की टोचलं ते कळलं नाही. "बघू," म्हणाले. त्या घरात बघू म्हणजे सध्या राहू दे.

बदल तसा किरकोळ होता. मी नाव काढून टाकलं. कोणी बदललं ते आता दिसणार नव्हतं. त्याऐवजी तारीख किंवा गाडी बदलायची असेल तर कारण लिहिणं सक्तीचं केलं, एक ओळ. आणि दोन बदल आमनेसामने आले की प्रोग्राम दोन्ही ओळी एकाखाली एक दाखवायचा. "उद्या कटाई, खालच्या फण्यांनी रंग धरला, शेतकऱ्याचा फोन." "परवा कटाई, गाडी त्या बाजूला परवा जाते." यातली कोणती ठेवायची? बस. पुस्तकांत कारणाबद्दल काही लिहिलेलं नसतं. नाव नसलं की काय होतं तेही नसतं.

पहिले काही दिवस सुनेनं मला फोन करकरून भंडावलं. कोणाचं आहे ते कळत नाही मॅडम, मी काय दाबू? मी म्हटलं, वाच आणि दाब, मला विचारू नको. ती वाचायला लागली. वाचलं की रंग धरलेली केळी आणि सोयीची गाडी यांत काय निवडायचं ते तिला माझ्याहून जास्त कळत होतं. तिच्या तारखा राहायला लागल्या. आणि मग पहिल्यांदाच शेठजींच्या स्क्रीनवर प्रश्न आला. ते म्हणे त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले होते. मग दुसऱ्याची ओळ ठेवली.

पावसाळ्याच्या सुमाराला मी प्रिंटर बघायला गेले तर शेठजी खुशीत होते. मागवलेली जिलेबी माझ्यापुढे सरकवली. "मॅडम, तुमचं मशीन हुशार झालं. काय काय सांगतं! बाग कोणती आधी घ्यायची, बिलकुल बरोबर सांगतं."

आतल्या टेबलावर सून मान खाली घालून टाइप करत होती. तिनं माझ्याकडे पाहून हळूच नकारार्थी मान हलवली. मी तिचं ऐकायला हवं होतं, पण मला राहवलं नाही.

"मशीनला केळं आणि काकडीतला फरक कळत नाही, शेठजी. ती वाक्यं तुमच्या सुनेची आहेत."

"सगळी?"

"जी तुम्हाला आवडतात ती बहुतेक."

ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. जिलेबीचा पुडा त्यांनी बंद केला, पुन्हा उघडला, आणि सुनेला हाक मारून म्हणाले, "घे गं, तू पण घे." त्यानंतर खुर्चीचा विषय त्या घरात निघाला नाही. बाजारात शेतकरी काही विचारायला लागले की शेठजी सांगायचे, ऑफिसात फोन करा, सूनबाईंशी बोला. हे मला लूमवाल्यांकडून कळलं, म्हणजे गावभर कळलं असणार.

पुढच्या वर्षी त्यांनी नवे कॉम्प्युटर घेतले तेव्हा मी जुना डेटा चढवायला गेले होते. दुपारपर्यंत सगळं सुरळीत झालं. शेठजी दारापाशी चाळा करत बसलेले, नेहमीसारखं हे उघड, ते बदल. मुलगा बागेत. सुनेनं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "मॅडम, एखादं खातं बंद करायचं असेल तर इथूनच होतं ना?"

"होतं. कोणाचं?"

"आप्पांचं."

तिच्या समोर फोपनारच्या बागेची नोंद उघडी होती. नवी बाग, घड भरत आलेले. "आप्पांनी या वर्षी बाग दुसऱ्या अडतीला दिली," ती म्हणाली.

"का?"

तिनं खातं बंद करायचं बटण दाबलं. कारण विचारल्यावर लिहिलं, "शेतकऱ्यानं बाग दुसरीकडे दिली." सेव्ह केलं, आणि प्रोग्राम थांबला. मधल्या वेळात नोंद बदलली होती. तिच्या ओळीखाली दुसरी ओळ आली: "पहिली गाडी यांना द्यायची. घरचे आहेत."

नाव नव्हतं, पण घरात ती ओळ लिहिणारं दुसरं कोण होतं? दारापाशी शेठजी चष्मा कपाळावर चढवून कीबोर्डावर एकेक अक्षर शोधत होते. मी तिच्याकडे पाहिलं. ती ओळ तिनं वाचली, मला वाटतं दोनदा वाचली. मग तिनं स्वतःची ठेवली.

थोड्या वेळानं शेठजींनी त्याच नोंदीत गाडीचा नंबर टाकून सेव्ह केलं असणार, कारण त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि स्क्रीनजवळ वाकले.

"हे खातं कोणी बंद केलं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "मी केलं, बाबूजी."

"व्याह्यांनी सांगितलं?"

"हो."

"का? गेल्या वर्षीचं मनात धरलं का त्यांनी?"

"नाही. त्यांच्या मनात काही नाही." ती उभी राहिली होती, पण आवाज फोनवरच्या मॅडमचा होता. "ते म्हणाले, तिथं गाडीला उशीर झाला तर मला दारात उभं राहून भांडता येतं."

"इथं नाही येत? एक शब्द टाकायचा मला. मी काय खाणार होतो त्यांना?"

"इथं कसं भांडतील, बाबूजी? माझे वडील आहेत ना ते."

शेठजी परत कीबोर्डाकडे वळले.  त्यांच्या स्क्रीनवर दोन्ही ओळी तशाच होत्या. त्यांनी ठरवलं असतं तर एका बटणानं खातं परत उघडलं असतं. पहिली गाडी, घरचे आहेत. कोणी अडवणार नव्हतं.

"मी कोणतं दाबू?" त्यांनी तिला विचारलं.

"बंदचं," ती म्हणाली.

त्यांनी दाबलं.